डावखुरी मुलगी कॅचर होऊ शकते

‘डावखुऱ्यांना कॅचर होता येत नाही, नियमच आहे,’ असं रामबागेतल्या पालकांपासून शाळेच्या सरांपर्यंत इंदुरात सगळे सांगतात. कॅचर म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारी खेळाडू. तसा नियम बेसबॉलमध्ये नाही, सॉफ्टबॉलमध्येही नाही. जॅक क्लेमेंट्स डावखुरा होता आणि अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये 1,000 हून जास्त सामने कॅचर म्हणून खेळला.

अडचण खरी आहे, ती होम प्लेटवर, म्हणजे धाव पूर्ण होते त्या जागी. धावणारी खेळाडू तिसऱ्या बेसकडून, म्हणजे कॅचरच्या डावीकडून येते. डावखुऱ्या कॅचरची मिट (चेंडू झेलायचा मोठा हातमोजा) उजव्या हातात असल्याने ती अंगावरून पलीकडे न्यावी लागते, टॅगला, म्हणजे धावणारीला चेंडू लावून बाद करायला, क्षणभर उशीर होतो. पायांची हालचाल घोटून घेतली की तो बराच भरून निघतो.

मुलीला फक्त उजव्या हातात घालायची मिट आणून द्या. मास्क, हेल्मेट, गळ्याचं संरक्षण मात्र सरावातही हवंच!