सही करण्याआधी: गाण्याच्या करारातली कलमं

गणपती जवळ आले की आमच्या स्टुडिओत रात्र रात्र रेकॉर्डिंग चालतं. गाणं तयार होतं न होतं तोच लेबलचा, म्हणजे गाणं बाजारात आणणाऱ्या कंपनीचा, करार येतो आणि घाईघाईत सही होते. निदान एक रात्र तो कागद घरी नेऊन वाचा.

बहुतेक करारांत एक वाक्य असतंच: ‘एकरकमी मानधनात सर्व हक्क, सर्व माध्यमांसाठी, जगभर, कायमस्वरूपी.’ शब्द आणि चालीची रॉयल्टी मात्र अशी सोडता येत नाही. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा फक्त वारसांना किंवा वसुलीसाठी कॉपीराइट सोसायटीला देता येतो. याविरुद्ध लिहिलेलं कलम कायद्यापुढे टिकत नाही. तेव्हा आयपीआरएसचे, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचे, सभासद व्हा आणि आपली गाणी तिथे नोंदवा.

करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणून ‘कायमस्वरूपी’ खोडून वर्षांचा आकडा मागा. ‘कलम १९(४) लागू नाही’ या ओळीकडेही नीट बघा. लेबलने वर्षभरात हक्क वापरले नाहीत तर ते तुमच्याकडे परत येतात, असं कॉपीराइट कायद्यातलं हे कलम सांगतं. ते काढून टाकलं, की गाणं कपाटात पडून राहिलं तरी तुमचे हात बांधलेले!

ऍडव्हान्स म्हणजे बक्षीस नव्हे. समजा, ऍडव्हान्स ३०,००० रुपये, व्हिडिओचा खर्च २,००,०००, तुमचा वाटा २० टक्के. हे २,३०,००० तुमच्याच वाट्यातून वळते होणार असतील, तर लेबलने ११,५०,००० कमावेपर्यंत तुमच्या हाती पुढचा रुपया पडत नाही. व्हिडिओचा खर्च यातून वगळायला सांगा. हिशेब दर सहा महिन्यांनी मिळेल आणि वह्या तपासता येतील, हेही लिहून घ्या.

गायकांनो, तुमचा कलाकार म्हणून हक्क वेगळा आहे. तो चालीच्या हक्कात मिसळू देऊ नका.

राहिला मास्टर, म्हणजे गाण्याचं मूळ रेकॉर्डिंग. रेकॉर्डिंगसाठी पुढाकार आणि जबाबदारी ज्याची, तो निर्माता आणि मास्टरचा पहिला मालक. खर्च तुम्ही केला असेल तर लेबलला मालकी न देता ठरावीक वर्षांचा परवाना द्या. आमचं बिल तुमच्याच नावाने घ्या, त्यावर गाण्याचं नाव आणि तारीख लिहून घ्या. ते हरवलं तर आमच्याकडून दुसरी प्रत मिळेल.