उद्योजकता प्रशिक्षण आणि इनक्युबेशन: आधी कोणत्या दारात जावे?

जळगाव जिल्ह्यातल्या सावदा-फैजपूर पट्ट्यात घरगुती केळी वेफर्स करणाऱ्या आमच्या परिचयाच्या एक ताई आहेत. सोललेले कच्चे केळे हातात, कढईवर आडवी धरलेली किसणी आणि तापल्या तेलात थेट पडणाऱ्या चकत्या, असे त्यांचे काम सकाळपासून चालते. व्यवसाय वाढवण्यासाठी कर्ज हवे म्हणून त्या एका इनक्युबेशन केंद्रात, म्हणजे नव्या कल्पनांना आधार देणाऱ्या केंद्रात, गेल्या. तिथे त्यांना विचारले गेले, ‘तुमच्या उत्पादनात नवीन काय आहे?’ उत्तर सुचेना, म्हणून त्या हिरमुसून घरी परतल्या. प्रश्न चुकीचा नव्हता आणि ताईंची गरजही खोटी नव्हती. मात्र ‘विद्यापीठाचे मोफत ट्रेनिंग’ या एकाच नावाखाली आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी ओळखल्या जातात आणि त्यामुळे कष्टाळू माणसांचा हेलपाटा होतो, याची मला मनापासून खंत वाटते.

पहिली गोष्ट म्हणजे उद्योजकता विकास प्रशिक्षण. ते माणसासाठी असते. खर्चाचा हिशेब कसा मांडावा, मालाचा भाव कसा ठरवावा, उधारी कशी आवरावी, प्रकल्प अहवाल कसा तयार करावा आणि बँकेसमोर तो कसा ठेवावा, हे त्यात काही दिवसांत शिकवले जाते. तुमचा व्यवसाय अगदी चारचौघांसारखा, म्हणजे पिठाची गिरणी, शिवणकाम किंवा पापड-मसाल्यांचा असला, तरी इथे अडत नाही. विद्यापीठे आणि महाविद्यालये असे वर्ग घेतात. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेमार्फत चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आरसेटीत, शिकण्याबरोबर राहण्या-जेवण्याचीही मोफत सोय असते आणि प्रशिक्षणानंतर दोन वर्षे पाठपुरावा केला जातो. फळे-भाज्यांवरील प्रक्रियेपुरतेच शिकायचे असेल, तर रावेर तालुक्यातील पाल येथील कृषी विज्ञान केंद्र किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे धुळे येथील कृषी विज्ञान केंद्र ही जवळची ठिकाणे आहेत.

या प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राला पुढे व्यवहारातही किंमत असते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम या कर्ज-अनुदानाच्या योजनेत २ लाख रुपयांपेक्षा मोठ्या प्रकल्पासाठी असे प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. पण ही योजना नव्याने सुरू होणाऱ्या उद्योगांसाठी आहे, त्यामुळे ताईंसारख्या आधीपासून चालू असलेल्या व्यवसायाला तिचे पहिले कर्ज मिळत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट अनेकांना अर्ज भरून झाल्यावर कळते. चालू असलेल्या सूक्ष्म खाद्य उद्योगांना सामावून घेणारी योजना म्हणजे २०२० साली सुरू झालेली प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना. तिच्यात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली आणि जळगाव जिल्ह्यासाठी त्यात केळी हेच पीक निवडले गेले. अर्ज करण्याआधी मुदत विचारून घ्यावी. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, विनाशुल्क असते, तिच्यासाठी कोणालाही पैसे देऊ नयेत.

दुसरी गोष्ट इनक्युबेशन. ते माणसापेक्षा कल्पनेसाठी असते. अंडे उबवायला ठेवावे तशी एखादी नवी कल्पना तिथे काही महिने किंवा एखाददोन वर्षे जपली जाते. बसायला जागा, प्रयोगशाळेचा वापर, जाणकार मार्गदर्शक, नमुना बनवण्याला मदत, पेटंटच्या अर्जाविषयी सल्ला आणि पुढे गुंतवणूकदारांशी गाठ, असे त्याचे स्वरूप असते. प्रवेश सरसकट मिळत नाही, निवड समितीपुढे मांडणी करावी लागते. केंद्र सरकारची स्टार्टअप, म्हणजे नव्या कल्पनेवर उभा राहणारा उद्योग, म्हणून मान्यता हवी असेल, तर तो खासगी कंपनी, मर्यादित दायित्व भागीदारी किंवा नोंदणीकृत भागीदारी अशा स्वरूपाचा असावा लागतो, एकट्याच्या मालकीच्या दुकानाला ती मिळत नाही. तेव्हा ‘नवीन काय?’ हा प्रश्न तिथे पहिल्याच भेटीत येणार, हे समजून जावे. सोयी मोफत म्हटल्या तरी करारात शुल्क किंवा कंपनीतील हिस्सा यांचा उल्लेख असू शकतो, म्हणून सहीपूर्वी तो ओळ न् ओळ वाचावा किंवा जाणकाराकडून वाचून घ्यावा.

१९९० साली स्थापन झालेल्या आणि आज कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आपल्या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे आहे. तिथल्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत अन्न तंत्रज्ञानाचेही शिक्षण दिले जाते. माझ्या मते खान्देशातील छोट्या व्यावसायिकांनी याकडे अधिक आस्थेने पाहायला हवे, कारण आपले बरेचसे घरगुती उद्योग खाण्याच्या पदार्थांचे आहेत आणि त्यांची खरी अडचण अनेकदा पैशाइतकीच माल टिकण्याचीही असते.

ताईंचेच पाहा. त्यांच्या मनात दोन प्रश्न एकत्र गुंतले होते. दुसरी मोठी कढई आणि यंत्राची किसणी घ्यायला पैसे कुठून आणावेत, हा पहिला, आणि त्याची वाट प्रशिक्षण, प्रकल्प अहवाल आणि बँक अशी जाते. दुसरा प्रश्न त्या केवळ तक्रार म्हणून सांगत असत: काही आठवड्यांनी पिशवीतले वेफर्स मऊ पडतात, तेलाला खवट वास येतो आणि दुकानदार माल परत करतो. पिशवीत शिरणारी दमट हवा, तिच्यातील प्राणवायू आणि दुकानातला उजेड यांचे हे काम. आतून चंदेरी थर असलेले पाकीट आणि त्यात भरलेला नायट्रोजन हा त्यावरचा परिचित उपाय असल्यामुळे तेवढ्यासाठी इनक्युबेशनची गरज नाही, अन्न तंत्रज्ञानाच्या प्राध्यापकांचा सल्लाही पुरे होतो. मात्र केळ्याच्या सालीपासून विकता येईल असे काही नवे घडवायचे त्यांच्या मनात असते, तर इनक्युबेशनचेच दार ठोठवावे लागले असते.

ताईंनी आधी प्रशिक्षण घेतले. आता त्यांच्या देवळीत साध्या आणि चंदेरी अशा दोन प्रकारच्या पिशव्या ओळीने ठेवलेल्या असतात, प्रत्येकीवर पेनाने तारीख घातलेली. दर आठव्या दिवशी त्या दोन्ही प्रकारची एकेक पिशवी फोडतात, एक चकती मोडून तिचा आवाज ऐकतात, वास घेतात आणि वहीत लिहून ठेवतात. सल्ल्याला जाताना ती वही त्या सोबत नेणार आहेत.