शेवटची बिडी कधी ओढली?

मानसिक आजाराच्या रुग्णाला भरती करताना घरचे झोपेचं सांगतात, बडबडीचं सांगतात, संशयाचं सांगतात. दारू-बिडीचं मात्र गिळून टाकतात. दारूबंदी असलेल्या वर्धा-गडचिरोलीत तर जास्तच. वॉर्डात पाय ठेवला की हे सगळं एका दिवसात बंद होतं आणि घोळ तिथून सुरू होतो.

रोज मोहाची किंवा देशी पिणाऱ्याचे हात शेवटच्या घोटानंतर 6-8 तासांतच थरथरू लागतात. फिटचा धोका साधारण 12 ते 48 तासांत. पुढचे दोन दिवस जास्त जपायचे: दरदरून घाम, ताप, भिंतीवर किडे दिसणं, चादरीवरून नसलेलं काहीतरी वेचत राहणं. हा मूळ आजार वाढला असं समजून नुसती भासांवरची औषधं वाढवली तर जिवावर बेतू शकतं, कारण त्यातली काही फिटचा धोका वाढवतात. इथे लोराझेपाम किंवा डायझेपाम लागतं, आणि ग्लुकोजच्या सलाईनआधी थायमिनचं (जीवनसत्त्व बी-1) इंजेक्शन. उपाशीपोटी पिणाऱ्याच्या अंगात थायमिन आधीच संपत आलेलं असतं. नुसत्या ग्लुकोजने उरलंसुरलंही खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होते.

बिडीकडे मात्र सहसा कुणी बघत नाही. तिच्या धुराने यकृतातलं एक एन्झाइम जोरात चालतं, आणि क्लोझापिन, ओलांझापिन ही भासांवरची औषधं शरीरातून काढून टाकणारं एन्झाइमही तेच. म्हणून दिवसाला बंडल संपवणाऱ्याला डोस जास्त लागतो. बिडी सुटली की आठवडाभरात एन्झाइम मंदावतं. गोळ्या तेवढ्याच, पण रक्तातलं क्लोझापिन दीडपट किंवा त्याहून वर. लाळेने उशी भिजते, दिवसभर गुंगी, उठताना भोवळ, क्वचित फिट. सुट्टीनंतर गावात बिडी पुन्हा पेटली की उलटं: औषध रोज घेऊनही आवाज परत ऐकू येतात, आणि बोल रुग्णाला लागतो, ‘गोळ्या खात नसेल!’

पन्नीत घोटलेल्या खर्ऱ्याला (तंबाखू-सुपारी-चुन्याचं मिश्रण) धूर नाही, त्यामुळे एन्झाइमवर हा परिणाम नाही. निकोटिन मात्र भरपूर. तो तुटला की चिडचिड, येरझारा, जागरण, म्हणजे वॉर्डात आजारासारखीच दिसणारी लक्षणं. निकोटिनचं च्युइंगम इथे कामी येतं, आणि त्याने क्लोझापिनची पातळी हलत नाही.

भरतीच्या वेळी डॉक्टरांना पव्वे, बंडल, पुड्या मोजून सांगा. शेवटचं कधी घेतलं तेही. सुट्टीनंतर बिडी सुरू झाली किंवा सुटली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता कळवा. डोस स्वतःहून बदलू नका. रात्री-अपरात्री विचारायला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर आहे, मराठीतही बोलता येतं.