बार्शी रोड ते हरंगुळ : एका अरुंद लोहमार्गाची पार्श्वभूमी

स्थानकाच्या नावापुढे ‘रोड’ हा शब्द दिसला, की ते गाव तिथे नाही, असे खुशाल समजावे. रूळ गावापासून लांबून गेले आणि गावाला जाणारा रस्ता जिथे फुटतो तिथे स्थानक बांधले, एवढाच त्या शब्दाचा अर्थ असतो. जत रोड, कळंब रोड, लातूर रोड ही नावे आजही फलकांवर आहेत. बार्शी रोड हे नाव मात्र राहिले नाही. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा पुण्याहून सोलापूरकडे सरकणारा मार्ग 1859 मध्ये या ठिकाणी पोचला, तेव्हा कापसाची आणि गळिताच्या धान्याची मोठी पेठ असलेली बार्शी 21 मैल बाजूला राहिली. निजामाच्या मुलखातून बार्शीत उतरणारा माल तिथून पुढे बैलगाड्यांनी स्थानकावर न्यावा लागे. हे 21 मैल कमी खर्चात कसे जोडावेत, या प्रश्नातून बार्शी लाइट रेल्वे जन्माला आली. बार्शी रोडचे पुढे कुर्डुवाडी झाले.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता 1882 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या नोकरीत भारतात आला. मुख्य मार्गांना मिळणारे छोटे फाटे स्वस्तात बांधता येतील, या कल्पनेने त्याला झपाटले होते आणि त्यासाठी त्याने निवडलेल्या मार्गांपैकी बार्शीचा मार्ग अखेर त्याच्या हाती आला. लंडनमध्ये 1895 साली बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि 1897 मध्ये बार्शी रोड ते बार्शी ही गाडी सुरू झाली. (याच कॅलथ्रॉपने पुढे, वैमानिक मित्र चार्ल्स रोल्स विमान अपघातात गेल्यानंतर, हवाई छत्रीचा ध्यास घेतला, पण तो वेगळा विषय आहे.)

या गाडीला लोक ‘छोटी गाडी’ म्हणत आणि पुढे तिची गणना खेळण्यातल्या गाड्यांतच होऊ लागली. हा तिच्यावर अन्याय आहे, असे मला वाटते. तिच्यामागचा हिशेब अतिशय कडक होता. दोन रुळांमधले अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. भारतातल्या रुंद मार्गाचे अंतर 1,676 मिलिमीटर असते. रूळ यार्डाला 30 पौंडांचा, म्हणजे मीटरला सुमारे 15 किलोंचा. आजच्या मुख्य मार्गावर मीटरला 60 किलोंचा रूळ वापरतात. एवढ्या हलक्या रुळाला एका आसामागे, म्हणजे चाकांची जोडी बसवलेल्या एका दांड्यामागे, 5 टनांपेक्षा जास्त भार सोसणार नाही, हे कॅलथ्रॉपने गृहीत धरले आणि मग इंजिन असो, प्रवासी डबा असो की मालडबा, प्रत्येक वाहनाची रचना त्या 5 टनांच्या मर्यादेत बसवली. एरवी रूळ इंजिनाच्या वजनासाठी भक्कम घालावा लागतो आणि मालडब्यांना ती ताकद फुकट जाते. बार्शीला इंजिनाचेच वजन जास्त आसांवर पसरले. लीड्सच्या किटसन कारखान्याने बांधलेल्या पहिल्या पाच इंजिनांना चार जोडआस, म्हणजे इंजिनाच्या ताकदीने एकत्र फिरणारे आस, आणि मागे आधाराचे आणखी दोन आस होते. मालडब्यालाही चार आस असल्याने डबा आणि माल मिळून 20 टनांची मुभा मिळे. म्हणजे डबा जितका हलका, तितका त्यात माल जास्त. त्यासाठी डब्यांचे सांगाडे दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्याचे केले होते.

हे सगळे भारतात येण्याआधी 1896 मध्ये लीड्सजवळ न्यूले येथे रूळ अंथरून त्यांची जाहीर चाचणी झाली. अशा हलक्या मार्गावरून फौज, घोडे आणि तोफा नेता येतील का, याकडे लष्कराचेही लक्ष होते. कॅलथ्रॉपने पुढे इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरच्या डोंगराळ भागात याच रुंदीचा लीक-मॅनिफोल्ड मार्ग उभारला. तो 1904 मध्ये सुरू झाला, 1934 मध्ये बंद पडला आणि आज त्या जागेवर पायवाट आहे. बार्शीच्या मार्गाला त्यापेक्षा कितीतरी दीर्घ आयुष्य लाभले.

बार्शीवर गाडी थांबून राहिली असती, तर तिची आठवण एवढी पसरली नसती. 1906 मध्ये ती कुर्डुवाडीहून दक्षिणेला पंढरपूरपर्यंत पोचली. दुसऱ्या टोकाने 1907 मध्ये बालाघाटाच्या पलीकडे तडवळ्यापर्यंत आणि 1911 मध्ये लातूरपर्यंत गेली. 1927 मध्ये, म्हणजे कॅलथ्रॉपच्या मृत्यूच्याच वर्षी, पंढरपूर ते मिरज हा शेवटचा मोठा टप्पा पुरा झाला आणि एकूण लांबी 202 मैल, म्हणजे सुमारे 325 किलोमीटर झाली. एका पेठेसाठी घातलेला फाटा असा कृष्णाकाठापासून मराठवाड्यापर्यंतचा आडवा दुवा बनला. मिरजेत तर पुढे काही वर्षे रुंद, मीटर आणि अरुंद अशा तिन्ही मापांचे रूळ एकाच आवारात नांदत होते. जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या माणसाला मिरज हे तीर्थक्षेत्र वाटावे, याला एवढे कारण पुरेसे आहे.

खऱ्या तीर्थक्षेत्राची गर्दी अर्थात पंढरपूरची होती. आषाढी-कार्तिकीला प्रवासी डबे पुरत नसत, तेव्हा मालडब्यांतूनही वारकरी नेले जात. एरवी गाडी रमतगमत चाले. चढावर खाली उतरायचे, चार पावले चालायचे आणि पुन्हा डबा गाठायचा, हा किस्सा इथेही सांगितला जातो. पण तो अरुंद मार्गावरच्या प्रत्येक गावाने आपल्या गाडीच्या नावावर लावलेला आहे, तेव्हा त्याला पुरावा मानू नये.

गैरसोय खरी होती ती मापांच्या फरकाची. लातूरहून आलेले पोते कुर्डुवाडीला पोचले, की ते हमालाच्या पाठीवरून अरुंद डब्यातून रुंद डब्यात जायचे. त्यात वेळ जाई, हमाली लागे आणि मालाची सांडलवंडही होई. कुर्डुवाडी वाढली ती याच कामावर आणि तिथल्या रेल्वेच्या कारखान्यावर. परंतु रस्ते सुधारले आणि मालमोटारी दारापर्यंत येऊ लागल्या, तेव्हा तोच माल कुर्डुवाडीला थांबायचे काही कारण उरले नाही. 1 जानेवारी 1954 रोजी सरकारने कंपनी विकत घेतली होती आणि मार्ग मध्य रेल्वेत सामील झाला होता, पण मापांचा फरक मालक बदलून मिटणारा नव्हता.

तो मिटला तो रुंदीकरणाने, आणि तेही तुकड्यातुकड्याने. कुर्डुवाडी-पंढरपूर हा तुकडा आधी रुंद झाला. लातूर ते उस्मानाबाद 2007 मध्ये आणि उस्मानाबाद ते कुर्डुवाडी 2008 मध्ये सुरू झाले, पंढरपूर-मिरज त्यानंतर. यातले उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, हे मुळात छोट्या गाडीच्या वाटेवर नव्हतेच. जिल्ह्याच्या गावाला तेव्हा येडशीला जाऊन गाडी धरावी लागे. रुंदीकरण करताना मार्गाला वळसा देऊन हे शहर जोडून घेतले गेले, आणि सुमारे शंभर वर्षांची एक चूक, बरीच उशिरा का होईना, दुरुस्त झाली. जिथे नवे रूळ जुन्या वाटेवरून हलले, तिथे मागे रिकामा भराव राहिला. लातूर शहरात जुन्या मार्गाच्या पट्ट्याला अजून ‘जुनी रेल्वे लाइन’ म्हणतात आणि पत्त्यातही तसेच लिहितात. रूळ पाहिलेच नाहीत अशी मुलेसुद्धा रिक्षावाल्याला हाच पत्ता सांगतात.

कॅलथ्रॉपने जोडलेली दोन टोके किती महत्त्वाची होती, हे 2016 च्या उन्हाळ्यात कळले. लातूरला प्यायला पाणी उरले नव्हते आणि मिरजेला कृष्णेचे पाणी होते. राजस्थानातील कोट्याहून स्वच्छ करून आणलेल्या टाकीडब्यांची पहिली पाणीगाडी 11 एप्रिलला मिरजेहून निघाली. 10 डब्यांत सुमारे 5 लाख लिटर पाणी घेऊन, पंढरपूर आणि कुर्डुवाडी मागे टाकत, 342 किलोमीटर अंतर कापून ती दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोचली. पुढे 50 डब्यांच्या गाडीने एका खेपेत 25 लाख लिटर पाणी येऊ लागले. मिरज-लातूर हा मार्ग रुंद व्हायचा राहिला असता, तर हे पाणी कुर्डुवाडीला पुन्हा उपसून दुसऱ्या डब्यांत भरावे लागले असते.

त्यानंतरचा बदल लातूरच्या अलीकडच्या हरंगुळ या छोट्या स्थानकाजवळ झाला. तिथे मराठवाडा रेल्वे डबा कारखान्याची पायाभरणी 31 मार्च 2018 रोजी झाली आणि डिसेंबर 2020 मध्ये डब्याचा पहिला सांगाडा बाहेर पडला. वंदे भारतच्या शयनयान गाड्या बांधण्यासाठी याच कारखान्याची निवड झालेली आहे. बार्शीचे पहिले डबे जहाजाने इंग्लंडहून आले होते, हे इथे आठवल्यावाचून राहत नाही. कुर्डुवाडीलाही आता मुंबई-सोलापूर वंदे भारत थांबते. ती 10 फेब्रुवारी 2023 रोजी सुरू झाली.

बार्शीच्या स्थानकाचे नाव मात्र अजून ‘बार्शी टाउन’ असेच आहे. बार्शी रोडवर उतरणाऱ्याने ते स्थानक आणि गावातले स्थानक यांत गल्लत करू नये, म्हणून तो ‘टाउन’ जोडला होता. रोड जाऊन जमाना झाला. टाउन फलकावर तसाच आहे.