व्हॉट्सॲपचा ओटीपी वेगळा आणि पिन वेगळा

काकांना नवीन फोन घेतला, व्हॉट्सॲप टाकलं, नंबर दिला, मेसेज आला, सहा आकडे भरले आणि पुढच्याच स्क्रीनवर परत सहा आकडे मागितले. काका म्हणाले, "थांब रे, येईल मेसेज." दहा मिनिटं आम्ही दोघं इनबॉक्सकडे बघत बसलो, हो मी पण. मेसेज येणारच नव्हता, कारण दुसऱ्यांदा मागितला तो पिन होता आणि तो काकांनीच कधीतरी सेट केलेला.

दोन्ही ६ आकडीच असल्यामुळे घोळ होतो. पहिला तो ओटीपी, व्हॉट्सॲप नवीन फोनवर चालू करताना एसएमएसने नाहीतर कॉलवर येतो, प्रत्येक वेळी नवा, एकदा वापरला की संपला. सिम तुमच्याकडे आहे का एवढंच त्यातून कळतं. पिन मात्र कुठून येत नाही, तो तुम्ही ठरवायचा आणि डोक्यात ठेवायचा, बदलेपर्यंत तोच चालतो. पिनची ही सोय म्हणजे टू-स्टेप व्हेरिफिकेशन, २०१७ पासून सगळ्यांना आहे पण स्वतःहून चालू करावी लागते, आणि आपल्या फॅमिली ग्रुपवर किती जणांनी केलीये विचारून बघा एकदा.

आता दोन का लागतात? तर ओळखीच्याच नंबरवरून मेसेज येतो, "अगं चुकून माझा सहा आकडी कोड तुझ्या नंबरवर गेलाय, पाठव ना पटकन", वास्तविक त्या मैत्रिणीचं अकाऊंट आधीच कुणीतरी ढापलेलं असतं आणि तो कोड म्हणजे तुमचाच ओटीपी असतो. तो दिला आणि पिन नसेल तर खेळ खल्लास, तुम्ही बाहेर, चोर आत, आणि पुढच्या तासाभरात तुमच्या नावाने सगळ्या नातेवाइकांकडे पैसे मागणं सुरू. पिन असेल तर चोर पिनच्या स्क्रीनवर अडकतो. म्हणून पिन तर कुणालाच सांगायचा नाही, मुलाला पण नाही.

असं झालंच तर लगेच आपल्या फोनवर परत नंबर टाकून नवीन ओटीपी भरायचा, चोर तिथल्या तिथे लॉगआऊट होतो. त्याने मधल्या वेळात स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर मात्र तुम्हाला ७ दिवस थांबावं लागतं, पण तोही आत राहत नाही.

सेट करायचं तर सेटिंग्ज, मग अकाऊंट, मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन. पिन दोनदा टाकायचा, मग ईमेल विचारतात, तिथे सगळे स्किप दाबतात आणि तिथेच चुकतात. पिन विसरलात तर त्या ईमेलवर लिंक येते, ईमेल दिलेला नसेल तर परत तेच ७ दिवस. जन्मतारीख ठेवू नका, आणि यूपीआयचा पिन इथे अजिबात नको. व्हॉट्सॲप मधूनमधून पिन विचारत राहतं, लोक वैतागतात, पण ते विसरू नये म्हणूनच आहे. काकांनी ईमेल दिला नव्हता, शेवटी काकूला आठवलं की पिन म्हणजे जुन्या लँडलाइनचा नंबर होता! बदलायला लावला लगेच.

एक गोष्ट मात्र पिनच्या हातात नाही. कंप्युटरवर क्यूआर स्कॅन करून व्हॉट्सॲप उघडतो ना, तिथे हा पिन विचारतच नाहीत. त्यासाठी लिंक्ड डिव्हाइसेस उघडून बघायचं आणि अनोळखी काही दिसलं की लॉगआऊट मारायचं. काकूच्या फोनमध्ये बघितलं तर एक क्रोम, म्हणजे कंप्युटरवरचं ब्राउझर, निघालं, आठवड्यापूर्वी झेरॉक्सच्या दुकानात आधारची प्रिंट काढायला गेली होती तेव्हाचं, अजून चालूच.