टाके विरघळत नाहीत, तुटतात

भाच्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, घरी आल्या आल्या आजीने जाहीर केलं की दही-ताक बंद, आंबटाने टाके पिकतात. वर काळजी अशी की "विरघळणारे टाके घातलेत म्हणे, मग अंगावर पाणी घेतलं तर सुटतील की!"

आंबटाचं नंतर बघू. आधी हा 'विरघळणारे' शब्द, त्यानेच सगळा घोळ केलाय. साखर पाण्यात विरघळते तेव्हा साखरच राहते, पाणी आटवा की परत हातात. टाक्याचा धागा तसा जात नाही, त्याचे रेणू तुटतात. व्हिक्रिल नावाचा धागा बऱ्याच जणांनी बिलावर वाचला असेल, तो दोन आम्लांच्या लांबच लांब साखळ्यांचा असतो, ९० टक्के ग्लायकोलिक आणि १० टक्के लॅक्टिक, आणि दर दोन कड्यांना जोडणारा सांधा म्हणजे एस्टर बंध. शरीरातलं पाणी धाग्यात मुरतं आणि हे बंध तोडतं, म्हणजे जलविघटन, शाळेत एका ओळीत उरकलेलं. तुटतं ते टोकाकडून एकेक कडी असं नाही, तर मधेच कुठेही. म्हणून गंमत अशी की धागा दिसायला जागेवरच असतो पण जोर गेलेला असतो: दोन आठवड्यांनी साधारण पाऊण ताकद उरते, तीन आठवड्यांनी निम्मी, आणि धागा पूर्ण जायला ५६ ते ७० दिवस. तोवर जखम भरलेली असते, त्यामुळे एका आंघोळीने काही सुटत नाही.

आता माझा आवडता भाग. प्रत्येक तुटलेल्या बंधापाशी एक नवीन आम्लाचं टोक तयार होतं आणि ते आम्ल पुढचे बंध तोडायला हातभार लावतं. बारीक धाग्यातून ते बाहेर निघून जातं, पण हाडात बसवायच्या पॉलिलॅक्टिकच्या (म्हणजे नुसत्या लॅक्टिकच्या साखळ्यांच्या) जाड स्क्रूमध्ये ते आतच अडकतं, मग आतला भाग बाहेरच्यापेक्षा आधी झिजतो, वरून धडधाकट आणि आत पिळपिळीत आंबा असतो ना तसं. त्यातून लॅक्टिकच्या कडीला एक मिथाइल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) जास्तीचा, तो पाण्याला जवळ येऊ देत नाही, त्यामुळे या स्क्रूला दोन-दोन वर्षंही लागतात.

आणि हेच पॉलिलॅक्टिक 'आपोआप मातीत जाणारा' कप म्हणून विकतात! ते नीट कुजायला साठेक अंश तापमानाचं औद्योगिक खत युनिट लागतं, रस्त्याकडेच्या गटारात तो कप वर्षानुवर्षं मजेत पडून राहील.

पूर्वी टाक्यांना वापरायचे ते कॅटगट वेगळं, ते मेंढीच्या किंवा गुराच्या आतड्याचं (मांजराचा संबंध नाही), आणि ते पाणी नाही तर शरीरातली एन्झाइम्स फस्त करायची, त्यामुळे सूजही जास्त.

राहिलं दही. टाके पिकतात ते जंतूंमुळे, ताकामुळे नाही. उलट धागा तुटून शेवटी जे उरतं त्यातलं लॅक्टिक आम्ल म्हणजे दह्यातलंच, आणि ग्लायकोलिक उसातही सापडतं, शरीर दोन्ही पचवून टाकतं. हे सगळं आजीला समजावलं. ती म्हणाली, "बघ, आत आधीच आंबट होतंय, त्यात वरून अजून कशाला?"