सिनेमातली शांतता आणि पंख्याची घरघर

रात्री सिनेमा ऐन रंगात आलेला असतो. पडद्यावरची माणसं बोलायची थांबतात, संगीतही थांबतं, आणि नेमकी तेव्हाच टीव्हीखालच्या कप्प्यातून कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर कानावर येते. हाणामारीच्या दृश्यात ती जाणवलीही नव्हती. ध्वनी जुळवणाऱ्याने जपून ठेवलेली ती दोन-चार सेकंदांची शांतता एका छोट्याशा पंख्याने खाऊन टाकलेली असते. टीव्हीला जोडून सिनेमे बघायच्या कॉम्प्युटरचं, म्हणजे मीडिया कॉम्प्युटरचं, कूलिंग नीट विचार करून निवडावं असं मला वाटतं, ते याचसाठी.

बहुतेक जण ‘सर्वांत शांत कूलर कोणता’ इथून सुरुवात करतात. त्याआधीचा प्रश्न आहे, मुळात उष्णता किती आहे? कॉम्प्युटर जेवढी वीज खातो तेवढी जवळजवळ सगळी शेवटी उष्णताच होते. सिनेमा दाखवणं हे आजच्या प्रोसेसरला जड काम नाही, कारण दाबून साठवलेला व्हिडिओ उलगडायला त्यात वेगळं सर्किट असतं. पण फाइल समजा एव्ही१ फॉरमॅटमधली आहे आणि तुमच्या प्रोसेसरच्या सर्किटला तो फॉरमॅट येत नाही, तर सगळं ओझं मुख्य कोअर्सवर, म्हणजे प्रोसेसरच्या सर्वसाधारण कामं करणाऱ्या भागांवर, पडतं. प्रोसेसर तापतो आणि पंखा धावायला लागतो. हे दुखणं नव्या पंख्याने बरं होत नाही. ज्या फॉरमॅटमध्ये तुम्ही सिनेमे बघता ते उलगडू शकणारा प्रोसेसर निवडला, तर निम्मं काम तिथेच झालं. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, सोय असेल तर व्होल्टेजही थोडं उतरवून पाहावं. तेवढ्याच वेगाने काम करताना चिपला लागणारी वीज साधारण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे व्होल्टेज १० टक्के उतरलं की ती वीज जवळपास १९ टक्क्यांनी घटते. प्रोसेसर तेवढ्याने अस्थिर होत नाही ना, एवढं मात्र काही दिवस बघायचं.

आता हवेचा हिशेब करू, कारण तो करून बघितल्यावर मीच चकित झालो होतो. एक घनमीटर हवा १ अंशाने तापवायला सुमारे १,२०० ज्यूल लागतात. आपला कॉम्प्युटर ६० वॅट उष्णता टाकतो आणि आत शिरलेली हवा १० अंशांनी तापून बाहेर पडली तरी चालेल असं धरलं, तर सेकंदाला फक्त ५ लिटर हवा पुरते. शांत बसलेला माणूस एका श्वासात अर्धा लिटर हवा घेतो, म्हणजे दहा श्वासांची हवा. १२० मिलिमीटरच्या पंख्यातून एवढी हवा न्यायची तर तिचा वेग सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर भरतो. रमतगमत चालणारा माणूसही याहून भरभर जातो. तेवढीच हवा ६० मिलिमीटरच्या पंख्यातून काढायची झाली, तर तिला चौपटीहून जास्त वेगाने पळावं लागतं. प्रत्यक्षात हीटसिंकचे, म्हणजे प्रोसेसरची उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या ठोकळ्याचे, पत्रे आणि जाळ्या वाट अडवतात, म्हणून हवा यापेक्षा जास्त लागते. पण मोठ्या आणि छोट्या पंख्यातला फरक तसाच राहतो.

आवाज होतो तो या पळापळीमुळे. हवा पात्यांवरून, जाळीच्या कडांवरून वेगाने गेली की तिच्यात भोवरे उठतात, आणि ते भोवरे आपल्याला ऐकू येतात. पंख्यांच्या तंत्रात एक ढोबळ नियम वापरतात. फेरे निम्मे केले की हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. १० डेसिबल उतरले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, यावरून १५ म्हणजे किती ते लक्षात येईल. उलट, एका पंख्याशेजारी तसाच दुसरा पंखा लावला तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे पूर्ण वेगाने फिरणाऱ्या एका पंख्याऐवजी निम्म्या वेगाचे दोन पंखे शेजारी शेजारी लावले, तर मोकळ्यावर हवा तेवढीच मिळते आणि आवाज सुमारे १२ डेसिबलने कमी होतो. पंखे वाढवून शांतता मिळते हे पहिल्यांदा कुणालाच पटत नाही.

यात एक मेख आहे. फेरे निम्मे केले की पंख्याचा दाब पाव होतो. दाटीवाटीने पत्रे बसवलेल्या हीटसिंकमधून हवा ढकलायची ताकद मग त्याच्यात उरत नाही. म्हणून सावकाश फिरणाऱ्या पंख्याला विरळ पत्र्यांचा, अंगाने मोठा हीटसिंक लागतो. नुसते ‘पत्रे किती’ हे मोजून कूलर घेणारे इथे फसतात.

मोठ्या हीटसिंकमध्ये दिसणाऱ्या तांब्याच्या जाड नळ्या म्हणजे हीट पाइप. १९६३ साली अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी अशी नळी तयार केली, तेव्हा डोळ्यासमोर अवकाशयानं होती. नळीतली हवा काढून टाकून आत थोडंसं पाणी ठेवलेलं असतं. दाब अगदी कमी असल्यामुळे ते प्रोसेसरच्या बाजूला कोमट तापमानालाच उकळतं. वाफ थंड टोकाकडे जाते, तिथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं, ते पाणी परत येतं. ६० वॅट उष्णता वाहून न्यायला सेकंदाला ग्रॅमच्या चाळिसाव्या भागाएवढं पाणी उकळलं तरी पुरतं. हे सगळं निःशब्द चालतं, आणि मला या नळीचं अजून नवल वाटतं.

डेसिबलचा आकडा मात्र सगळं सांगत नाही. आवाजाची जातही बघावी लागते. सात पात्यांचा पंखा मिनिटाला १,२०० फेरे घेत असेल तर पाती सेकंदाला १४० वेळा एकाच जागेवरून जातात, म्हणजे १४० हर्ट्झचा खालचा सूर लागतो. ४० मिलिमीटरचा सात पात्यांचा पंखा ६,००० फेऱ्यांनी फिरला तर तोच सूर ७०० हर्ट्झवर जातो आणि टोचायला लागतो, कारण आपला कान खालच्या सुरांपेक्षा वरच्या सुरांना जास्त तिखट असतो. २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात तर सर्वांत जास्त. त्याहून वाईट म्हणजे बदलता आवाज. पंखा दर अर्ध्या मिनिटाला चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. एकसुरी मंद आवाजाला मेंदू काही मिनिटांत सरावतो, या चढउताराला सरावत नाही. बायोसमधल्या पंख्याच्या सेटिंगमध्ये याचा इलाज आहे. ६५ अंशांपर्यंत वेग सपाट ठेवायचा, त्यापुढे हळूहळू चढवायचा आणि वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबायला सांगायचं. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःहून वेग उतरवतात, त्यामुळे ७० अंश पाहून घाबरायचं कारण नाही. तापमान उगाच ४५ वर ठेवण्यासाठी कान किटवणं मला पटत नाही.

घरघर नक्की कुठून येते ते शोधायला पुठ्ठ्याची लांब नळी पुरते. कॅबिनेटचं झाकण काढायचं, नळीचं एक टोक कानाला लावायचं आणि दुसरं एकेका भागाजवळ, फिरत्या पात्यांना न लावता, धरायचं. मी असं केलं तेव्हा ज्याच्यावर संशय होता तो पंखा निर्दोष निघाला. गुणगुणत होती ती हार्ड डिस्क. मिनिटाला ७,२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०, आणि ती थेट पत्र्याला स्क्रूने आवळलेली. कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्यावर तळहात दाबला की आवाज गप्प, हात काढला की पुन्हा सुरू. डिस्क एवढीशी, पण तिच्या थरथरीने अख्खा पत्रा वाजत होता. स्क्रूखाली रबराच्या चकत्या घातल्यावर तो सूर गेला. सिनेमे दुसऱ्या खोलीतल्या डिस्कवर ठेवून या कॉम्प्युटरमध्ये फक्त एसएसडी ठेवता आली तर उत्तमच, तिच्यात फिरणारं काहीच नसतं. पंख्याला अगदी चिकटून पत्र्यातच पाडलेली भोकांची जाळी असेल तर तीही शिट्टीसारखी वाजते. तारेची जाळी आणि मध्ये बोटभर अंतर, एवढ्यानेही फरक ऐकू येतो.

पंखाच नको असेल तर सगळं कॅबिनेट हीटसिंकसारखं वापरणारे कॉम्प्युटर मिळतात. कमी वॅटच्या प्रोसेसरसाठी मी तेच सुचवेन. फक्त पत्र्यांच्या फटी उभ्या असाव्यात, म्हणजे तापलेली हवा आपोआप वर सरकते. बंद कपाटात मात्र ते ठेवू नये. तिथे तर पंखेवालाही हरतो, कारण आपणच बाहेर टाकलेली गरम हवा तो पुन्हा आत ओढत बसतो. मागे आणि वर हवेला वाट ठेवली की तोच पंखा खालच्या वेगावर येतो. पाण्याचं कूलिंग मीडिया कॉम्प्युटरला मी घेणार नाही. उष्णता शेवटी रेडिएटरच्या पंख्यांनाच बाहेर काढावी लागते, आणि वर पंपाची कुरकुर सोबतीला येते.

वर्षभर शांत असलेला कॉम्प्युटर हळूहळू बोलायला लागला, तर नवा कूलर शोधण्याआधी हीटसिंकमध्ये डोकावून बघा. पत्र्यांच्या तोंडाशी धुळीचा करडा थर साचलेला असतो. हवा अडते, तापमान चढतं आणि सेटिंग तेच असूनही पंखा वरच्या वेगाला जातो. आधी कॉम्प्युटर बंद करून प्लग काढा, मग ब्लोअरने धूळ उडवा. त्या वेळी पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ब्लोअरच्या झोताने पंखा त्याच्या नेहमीच्या कमाल वेगापेक्षाही जोरात फिरतो आणि त्याचं बेअरिंग बिघडू शकतं.